झेंडा आला की डॉक्टर येतो

बासिलिया केन्ताबद्दल सांगायचं तर तिच्या दवाखान्याच्या दारापासून सुरुवात करायला हवी. बाहेरून ते दार हिरवं आहे, सरकारी हिरवं. आतून मात्र तिने ते काळं रंगवून घेतलंय आणि त्यावर खडूच्या रेघा आहेत. आमच्या कोतापाता गावातली जी बाई गरोदर असेल तिच्या नावाची एक ओळ, आणि महिन्याला एक उभी रेघ. आठव्या महिन्याची रेघ ती विटेच्या तुकड्याने ओढते, म्हणजे तांबडी. दारावर एक जरी तांबडी रेघ असली तरी बासिलिया गाव सोडून कुठे जात नाही. बाजाराला नाही, लग्नाला नाही, पोटच्या मुलाकडे राजधानीला, ला पाझलासुद्धा नाही. सरकारने दिलेली नोंदवही आहे तिच्याकडे, चांगली जाड पुठ्ठ्याची. ती पेटीत असते. "वही वरच्यांसाठी," ती म्हणते, "दार माझ्यासाठी."

दवाखाना म्हणजे एक खोली, एक खाट, लशींचा डबा आणि बासिलिया. वय अठ्ठावन्न, उंची बेताची, एकावर एक तीन घागरे, डोक्यावर तपकिरी टोपी आणि या सगळ्यावरून पांढरा एप्रन. तोंड फटकळ. एकतीस वर्षं ती इथली परिचारिका आहे आणि एकतीस वर्षं डॉक्टरची वाट बघते आहे. तीन महिन्यांतून एकदा एक डॉक्टर येतो, म्हणजे पाऊस नसेल, संप नसेल आणि गाडी असेल तर येतो. तो आला की बासिलिया त्याला आधी जेवू घालते. उपाशी डॉक्टर नाडी नीट बघत नाही, असं तिचं मत आहे.

आमचं गाव तलावात घुसलेल्या जमिनीच्या टोकावर आहे. मोठं इस्पितळ समोरच्या काठावर. मोटारबोटीने गेलं तर पाऊण तास, रस्त्याने साडेपाच, तेही रस्त्याची मर्जी असली तर. आमच्या सगळ्या काठाला लव्हाळ्याचं रान आहे आणि पाणी गुडघाभर. मोठी बोट लागेल एवढं खोल पाणी एकाच जागी आहे, आणि त्या एका जागी नौदलाचं ठाणं आहे. दगडी धक्का, झेंड्याची काठी, बारा शिपाई आणि राखाडी रंगाची एक वेगवान बोट.

ती जागा कुणी बळकावलेली नाही. आम्हीच दिली. मी तेव्हा इथे नव्हतो, मी इथला शाळामास्तर, पण मूळचा दूरच्या ओरुरो शहराचा. पण ही गोष्ट गावात इतक्यांदा ऐकलीय की मीही दगड वाहिल्यासारखं वाटतं. बत्तीस वर्षांपूर्वी सरकारला या बाजूला ठाण्यासाठी जागा हवी होती. आम्ही आणि डोंगरापलीकडचं सुरिपाता, दोन्ही गावं ईर्षेला पेटली. गावसभा भरली. म्हातारे म्हणाले, खोल पाणी एकदा गेलं की गेलं, देऊ नका. तेव्हा परिचारिकेचं शिक्षण घेऊन नुकतीच परत आलेली एक सव्वीस वर्षांची पोर उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, झेंडा आला की त्याच्यामागून डॉक्टर येतो! झेंडा सुरिपाताला गेला तर डॉक्टरही तिकडेच जाईल. मग बसा लव्हाळं चघळत."

हीच आमची बासिलिया. तिच्या बोलण्यावर हात वर झाले. गावाने तीन आठवडे दगड वाहून धक्का बांधला. झेंडा आला. डॉक्टर अजून यायचाय.

नऊ वर्षांपूर्वी बासिलियाची धाकटी बहीण सिरिला बाळंतपणात अडली. भर दुपार, स्वच्छ ऊन, आणि धक्क्याला राखाडी बोट बांधलेली. बासिलिया ठाण्यावर धावली. तेव्हाचा अधिकारी काही वाईट माणूस नव्हता. पण बोट गस्तीसाठी, पेट्रोल गस्तीपुरतं, आणि गावच्या माणसाला न्यायचं तर वरची परवानगी लागते. त्याने बिनतारीवर परवानगी मागितली. तास गेला, दोन तास गेले. शेवटी बासिलियाने सिरिलाला लव्हाळ्यातून उचलून शिडाच्या होडीत घातलं आणि वारा मध्येच पडला. परवानगी दुसऱ्या दिवशी सकाळी आली, वरातीमागून घोडं. अधिकारी स्वतः ते सांगायला आला आणि दारात उभा राहून रडला. बासिलिया रडली नाही. तिने दारावरची सिरिलाची ओळ पुसली नाही, एवढंच. ती अजून आहे, सात पांढऱ्या रेघा आणि एक तांबडी.

आता कुणी म्हणेल, मग नौदल हवंच कशाला? आणि समुद्र नसलेल्या देशाला? समुद्र होता आमचा. पणज्याच्या काळातल्या लढाईत गेला. दर तेवीस मार्चला आम्ही त्याची आठवण काढतो. मी स्वतः पोरांकडून निळ्या कागदाच्या लाटा करून घेतो आणि बँडच्या पुढे चालतो. हसू नका. घरातलं माणूस गेलं म्हणून त्याचा पाट कुणी दुसऱ्या दिवशी चुलीत घालत नाही.

पण सिरिला गेली त्या वर्षी माझं डोकं फिरलं होतं. वर्तमानपत्रात अंदाजपत्रक छापून आलं, ते मी जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. संरक्षणासमोर लांबलचक आकडा, आरोग्यासमोर तोकडा. मोठ्या पोरांना म्हटलं, बघा, देश कशाला घाबरतो ते कळतं यावरून. गोष्ट अर्थातच घरोघर पोचली. संध्याकाळी गावचे मुख्य डॉन फेलिसियानो काठी टेकत आले. (आमच्याकडे मानाच्या पुरुषाला डॉन म्हणतात, बाईला डोन्या.)

"मास्तर, माझा थोरला पलटणीत गेला तेव्हा त्याचे सहा दात किडलेले होते," ते म्हणाले. "पलटणीने दात नीट केले. पायात पहिल्यांदा बूट घातले. रोज मांस. तुमच्या शाळेत आठ वर्षं होता, सही येत नव्हती. तिथे शिकला."

"तेच तर म्हणतोय मी! दात नीट करून घ्यायला बंदूक का धरावी लागते?"

"ते तुम्ही ला पाझला जाऊन विचारा. मी एवढंच सांगतो, आमच्या पोरांना सरकार भेटलं ते तिथेच भेटलं." आणि फळ्याकडे बघून म्हणाले, "पुसा ते. परेडच्या आधी बरं दिसत नाही."

मी पुसलं. पण ते बोलणं अजून पुसलं गेलेलं नाही. माणूस चुकीचं बोलत नव्हता, आणि त्यामुळेच राग जास्त आला होता.

गेल्या वर्षी जानेवारीत ठाण्यावर नवा लेफ्टनंट आला, एर्लान मोंतेरो. सखल मुलखातला, मोठमोठ्या नद्यांच्या काठी वाढलेला, उमदा पोरगा. इथल्या उंचीवर येऊन पहिल्याच दिवशी आडवा झाला. थंडी वाजते, डोकं ठणकतं, पोटात काही ठरत नाही. बासिलिया कोकाच्या पानांचा काढा घेऊन गेली. मी सोबतीला होतो. काढा पाजता पाजता तिने बोटीचा विषय काढलाच.

"डोन्या, मी काही दगड नाही," लेफ्टनंट पांघरुणातून म्हणाला. "पण हुकूम आहे. हा बघा."

बासिलियाने चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचलं. "'तातडीच्या प्रसंगी बोटीतून फक्त ठाण्यातील कर्मचारी व त्यांचे कुटुंब यांनाच नेता येईल.' कुटुंब म्हणजे कोण कोण?"

"कुटुंब म्हणजे... कुटुंब."

"ते इथे लिहिलंय का?"

"तेवढं कशाला लिहितील? सगळ्यांना कळतं की."

"हं. सगळ्यांना कळतं." तिने कागद घडीवर घडी घालून परत दिला. "काढा गरम आहे तोवर प्या."

परतताना वाटेत मला म्हणाली, "मास्तर, या पोराचं लग्न झालंय का?"

"नाही म्हणे."

"बिचारा. एवढा गुणी पोरगा, इथे नातं ना गोतं. करू आपण सोय."

मला वाटलं, बाईच्या डोक्यात एखादी पुतणी आहे. माझी अक्कल तेवढीच.

तीन आठवड्यांनी गावातल्या निएवेसच्या दोन वर्षांच्या पोराचं जावळ होतं. पहिली बट पाद्रीनोने, म्हणजे पोराच्या धर्मपित्याने कापायची असते. बासिलियाच्या सांगण्यावरून निएवेस नवऱ्याला घेऊन, गरम रोट्यांची टोपली घेऊन ठाण्यावर गेली आणि लेफ्टनंटला म्हणाली, आमच्या पोराचे पाद्रीनो व्हा. तीन आठवडे कुणाशी धड न बोललेला तो पोरगा. त्याचे डोळेच भरले. रोटी एकदा हातात घेतली की मग नकार देता येत नाही. जावळाच्या दिवशी तो इस्त्रीच्या गणवेशात आला, बट कापली, पोराला एक कोकरू दिलं, आणि बीअर प्यायच्या आधी थोडी भुईला शिंपडायची असते हेही शिकला. त्या दिवसापासून निएवेसचा नवरा त्याचा कोंपाद्रे, निएवेस कोमाद्रे, आणि तो दोघांचा कोंपाद्रे. आमच्याकडे हे नातं रक्ताहून जड. सख्ख्या भावाशी माणूस बांधावरून डोकी फोडतो. कोंपाद्रेला उंबऱ्यावरून रिकामं पाठवलं तर गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. आणि पाद्रीनो काही फक्त पोरांनाच लागतो असं नाही. नव्या घराला लागतो, फुटबॉलच्या शर्टांना लागतो, शाळेच्या ढोलाला लागतो. ढोलाचा पाद्रीनो मीच आहे. कातडं फाटलं की माझ्याकडे येतात.

जावळ झाल्यावर बासिलिया माझ्याकडे वळली. "मास्तर, लिहा."

"काय लिहू?"

"नातं झालं ते. इतिवृत्तात. शिक्क्यासकट."

गावाच्या इतिवृत्ताचं पुस्तक माझ्याकडे असतं. मी बावीस वर्षं गावसभेचा चिटणीस आहे. लिहिता येतं हा माझा गुन्हा. आमच्या गावात ज्यावर शिक्का नाही ते घडलंच नाही असं समजतात. मी लिहिलं, अमुक तारखेला लेफ्टनंट मोंतेरो हे अमुक कुटुंबाचे कोंपाद्रे झाले. अंगठे उठले, शिक्का बसला. लेफ्टनंटने ऐटीत सही केली.

मग दुसरी टोपली गेली. मग तिसरी. आणि या वेळी गरोदर बाया जाऊ लागल्या. पोर अजून पोटात, पण पाद्रीनो आताच ठरवून ठेवायचा. कधी नव्हे ते लोकांना एवढी घाई! ऑगस्टपर्यंत पुस्तकात नऊ नोंदी झाल्या. एकदा लेफ्टनंट मला धक्क्यावर भेटला.

"मास्तर, खरं सांगा, या गावात अजून किती बाया गरोदर आहेत?"

"दार बघून सांगतो," मी म्हटलं.

तो हसला, पण जरा उशिरा. मला वाटतं, तिसऱ्या टोपलीलाच त्याच्या लक्षात आलं होतं. तरी त्याने चौथी घेतली. तो कुणाच्या बाजूचा ते मला तिथे कळलं.

ऑगस्टमधला सोमवार. दर सोमवारी सकाळी शाळा आणि ठाणं मिळून झेंडावंदन करतं. शिपाई रांगेत, पोरं रांगेत, राष्ट्रगीताचं दुसरं कडवं चाललेलं. तेवढ्यात बासिलिया मैदानात शिरली. राष्ट्रगीत चालू असताना इथे कुत्रंसुद्धा रांग ओलांडत नाही. ती रांग ओलांडून, झेंड्याच्या काठीपुढून, सलाम ठोकून उभ्या असलेल्या लेफ्टनंटसमोर जाऊन उभी राहिली. तिच्या एप्रनला रक्त होतं. मागून चार जण चादरीच्या झोळीतून एकोणीस वर्षांच्या प्रिमितिवाला आणत होते. पोरीचा चेहरा कागदासारखा झाला होता.

गाणं आपोआप थांबलं.

"कोंपाद्रे," बासिलिया म्हणाली. साहेब नाही, लेफ्टनंट नाही. "तुमची कोमाद्रे आहे. रक्त थांबत नाही."

लेफ्टनंटचा हात कपाळाशी तसाच राहिला. शेजारचा सार्जंट पुटपुटला, "वरून विचारायला हवं, सर."

मला त्या क्षणी सिरिलाची दुपार दिसली. बासिलियालाही तीच दिसत असणार.

लेफ्टनंटने हात खाली घेतला. "विचारायचं काय त्यात?" तो म्हणाला. आवाज फाटला होता. "हुकमात आहे. कुटुंब आहे माझं. बोट सोडा!"

चोपन्न मिनिटांत ती इस्पितळात होती. प्रिमितिवा वाचली, मुलगी झाली. बोटीच्या नोंदवहीत लेफ्टनंटने लिहिलं: कुटुंबातील व्यक्ती, एक.

त्यानंतर नोव्हेंबरपर्यंत बोट आणखी सहा वेळा गेली. आणि नोव्हेंबरच्या शेवटी, व्हायचं तेच झालं. नोंदवही वर गेली आणि चौकशीला एक कॅप्टन आले, चुकिवांका नावाचे. पन्नाशीचे, याच तलावाच्या दुसऱ्या टोकाकडचे, कमी बोलणारे. चौकशी शाळेत झाली, कारण ठाण्यात गाव मावलं नसतं. कॅप्टन पहिलीच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले.

"लेफ्टनंट, या नोंदीप्रमाणे चार महिन्यांत तुमच्या कुटुंबातल्या सात बाया बाळंतपणाला गेल्या."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. लेफ्टनंटचे कान लाल झाले. "होय, सर. माझ्या कोमाद्रे आहेत."

"कोमाद्रे." कॅप्टननी शब्द तोंडात घोळवला. "याला काही पुरावा?"

मी इतिवृत्ताचं पुस्तक पुढे केलं. त्यांनी नात्याच्या नोंदी वाचल्या, शिक्के बोटाने चाचपले. मग पुस्तक मिटून पुन्हा पहिल्या पानापासून उघडलं.

"सुरुवातीची पानं कशाला बघता?" बासिलिया एकदम म्हणाली. "जुनी आहेत ती. शेळ्यांची भांडणं, दुसरं काही नाही."

"तेच बघायचंय, डोन्या. पुस्तक खरं आहे की यासाठी तयार केलंय." ते एकेक पान उलटत गेले आणि एका पानावर थांबले. शाई पसरलेली होती. "ठाण्याचं काहीतरी दिसतंय. मास्तर, तुम्हीच वाचा."

"मास्तर, ते पान राहू द्या," बासिलिया म्हणाली.

तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मला कळलं कोणतं पान ते. बत्तीस वर्षांत तिने ते पुस्तक हातात घेतलं नव्हतं. वाचता येत असून नाही. आणि माझं म्हणाल तर मी आळशी. बावीस वर्षं पुढे लिहीत गेलो, आधीचं कधी वाचलंच नाही. मी कॅप्टनकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मी वाचलं.

"'कुमारी बासिलिया केन्ता म्हणाल्या की झेंडा आला की त्याच्यामागून डॉक्टर येतो. टाळ्या. खोल पाण्याची जागा देण्याचे ठरले.'"

बासिलिया भुईकडे बघत होती. मला वाटलं संपलं, पण मजकूर पानाच्या मागे चालू होता. मी पान उलटलं.

"'धक्क्याचे काम पुरे झाल्यावर रिवाजाप्रमाणे धक्क्याला पाद्रीनो नेमण्यात आला. ठाण्याच्या प्रमुखांनी स्वतःच्या वतीने व आपल्यामागून येणाऱ्या सर्व प्रमुखांच्या वतीने पाद्रीनोपद स्वीकारले. आजपासून ठाणे व कोतापाता गाव एकमेकांचे कोंपाद्रे असून अडीअडचणीला एकमेकांच्या दारी जातील, आणि कोणी कोणाला रिकामे परत पाठवणार नाही.'" खाली शिक्का, अधिकाऱ्याची सही आणि एकशे चार अंगठे.

कॅप्टननी पुस्तक ओढून घेतलं आणि स्वतः वाचलं. दोनदा. मग डॉन फेलिसियानोंकडे बघितलं. "हा अंगठा तुमचा?"

"माझा," फेलिसियानो डोकं खाजवत म्हणाले. "त्या दिवशीची बीअर आठवते, साहेब. मजकूर नाही."

"डोन्या, तुम्हाला?"

"मी नव्हते," बासिलिया म्हणाली. "वरच्या वस्तीत एक बाळंतीण होती."

कॅप्टनच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. "माझ्या गावात शाळेच्या छपराला पाद्रीनो आहे," ते म्हणाले. "छप्पर उडालं तेव्हा त्याचा नातू पत्रे घेऊन आला होता." मग लेफ्टनंटला म्हणाले, "तुम्ही उगाच एवढ्या रोट्या खाल्ल्यात. ठाणंच नात्यात आहे."

काय हशा पिकला! फेलिसियानोंनी टोपी वर उडवली, निएवेसने लेफ्टनंटचे गाल ओढले, मीही बाकावर हात आपटून हसलो. आणि हसता हसता माझं लक्ष बासिलियाकडे गेलं.

ती हसत नव्हती. ती पुस्तकाकडे बघत होती.

"मास्तर, हे पान कुठे होतं?"

"पुस्तकात."

"आणि पुस्तक?"

"माझ्या कपाटात."

"सिरिला गेली तेव्हा?"

"तेव्हाही."

हशा कधी थांबला ते कळलं नाही. माझं घर ठाण्यापासून दोनशे पावलांवर आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी पोरांना दर वर्षी शिकवतो. पोरं हसतात. ती एवढी क्रूर म्हण आहे हे मला त्या दिवशी कळलं.

कॅप्टन बाकावरून उठले. "डोन्या," ते हळू आवाजात म्हणाले, "तेव्हा हा कागद कुणी मानला असता की नाही, कोण जाणे. आताही वर गेल्यावर काय होईल, मी शब्द देऊ शकत नाही."

"मानला नसता," बासिलिया म्हणाली. "माहीत आहे मला. पण मी त्या दिवशी धक्क्यावर भीक मागत उभी होते, साहेब. दोन तास. हात जोडून. कोमाद्रे म्हणून तरी उभी राहिले असते."



कॅप्टननी पानाची नक्कल करून घेतली, खाली सही केली आणि ती घेऊन गेले. वरून होकार आला नाही, नकारही आला नाही. अकरा महिने झाले. बोट जाते. लेफ्टनंट मोंतेरोची बदली ठरल्या वेळी झाली. जाताना त्याच्या पेटीत अठरा लोकरीच्या टोप्या होत्या, त्याच्या नदीकाठच्या गावात त्या कुणी घालणार नाही. नवा अधिकारी आला त्याच दिवशी बासिलिया काढा आणि नक्कल, दोन्ही घेऊन गेली.

डॉक्टर आलेला नाही. अंदाजपत्रकात संरक्षणाची ओळ अजून लांब आहे आणि आमची तोकडी. बाईला जगण्यासाठी बोटीची नातेवाईक व्हावं लागू नये, हे मला कळतं, आणि कधी कधी सोमवारी झेंड्यासमोर उभा असताना त्या विचाराने अंगाचा तिळपापड होतो. पण फेलिसियानोंच्या पोराचे दातही मला दिसतात. या दोन्हींचा मेळ मला बसवता आलेला नाही. बासिलियाला विचारलं तर ती म्हणते, "मेळ ला पाझला बसवू द्या. आपण दार बघू."

त्या चौकशीच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि पुस्तक घेऊन गेली. न विचारता. ते आता दवाखान्यात असतं, लशींच्या डब्याशेजारी. नवी गरोदर बाई पहिल्यांदा तपासणीला आली की बासिलिया दारावर तिची ओळ काढते, सिरिलाच्या ओळीच्या खाली, आणि रक्तदाब बघायच्या आधी तिला ते पान माझ्या तोंडून ऐकवते. बासिलियाला स्वतःला वाचता येतं, चष्माही आहे. पण ती माझ्याकडे निरोप धाडते. मी वर्ग सोडून जातो, दोघींसमोर उभा राहतो आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या अंगठ्यापर्यंत वाचतो. आजवर मी एकदाही नाही म्हटलेलं नाही.